३० रजा, ४८ वळणं

जर्मनीत मोटरसायकल पाळायची तर पेट्रोलच्या भावापेक्षा कॅलेंडरकडे जास्त बघावं लागतं. माझ्या गाडीच्या नंबर प्लेटच्या उजव्या कडेला वर ०४ आणि खाली १० असे बारके आकडे आहेत. म्हणजे ही गाडी एप्रिल ते ऑक्टोबरच रस्त्यावर येऊ शकते. बाकीच्या महिन्यांत चालवणं सोडाच, सार्वजनिक रस्त्यावर नुसती उभी केली तरी दंड. फेब्रुवारीत एखाद्या रविवारी लख्ख ऊन पडतं, तेव्हा मी गॅरेजात जाते, चेनला तेल देते आणि घरी येते. बदल्यात कर आणि विमा सातच महिन्यांचा भरायचा. हा हिशेब सांगलीच्या मुलीला पटतो.

मी शिकायला श्टुटगार्टला आले आणि तिथेच गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत लागले. बाइक चालवण्याची सवय सांगली-पुण्याहून बरोबर आली, लायसन्स मात्र उपयोगी पडलं नाही. भारतीय लायसन्स इथे राहायला आल्यापासून सहा महिने चालतं. पुढे लेखी आणि प्रत्यक्ष, दोन्ही परीक्षा नव्याने. भारतातलं लायसन्स असेल तर ड्रायव्हिंग स्कूलचे सक्तीचे तास तेवढे माफ. लेखी परीक्षा इंग्रजीत देता येते. प्रत्यक्ष परीक्षेत आपण पुढे बाइकवर, मागच्या कारमध्ये शिक्षक आणि परीक्षक, आणि हेल्मेटमधल्या स्पीकरवर जर्मनमधून सूचना. पन्नासच्या वेगातून करकचून ब्रेक मारून दाखवायचा, शंकूंमधून माणसाच्या चालीने नागमोडी जायचं. हे दुसरं, संध्याकाळी लक्ष्मी रोडवर स्कूटर काढलेल्या कुणालाही वेगळं शिकवावं लागत नाही.

वयाचीही अट आहे. चोवीसच्या आत असाल तर थेट मोठ्या बाइकचं लायसन्स नाही. ए-टू मिळतं, म्हणजे इंजिन ३५ किलोवॅटपर्यंत, आपल्या भाषेत साधारण ४७ हॉर्सपॉवर. दोन वर्षांनी पुन्हा एक प्रत्यक्ष परीक्षा दिली की पुढचं दार उघडतं. मी तेव्हा तेवीसची होते, त्यामुळे सेकंडहँड केटीएम ३९० अ‍ॅडव्हेंचर घेतली. नाव ऑस्ट्रियाचं, पण ही गाडी बनते चाकणला, बजाजच्या कारखान्यात. बाबा फोनवर म्हणाले, "मग इथूनच घेऊन जायची होतीस की!"

आता रजा. पाच दिवसांच्या आठवड्याला कायद्याने वर्षाला किमान २० पगारी रजा मिळतात, आणि बऱ्याच कंपन्या ३० देतात. रजेत आजारी पडलात आणि डॉक्टरचा दाखला दिलात, तर तेवढ्या रजा परत खात्यात जमा होतात. आईला हे सांगितलं तेव्हा तिला मी थट्टा करतेय असंच वाटलं. तीस हा आकडा सांगलीतून भरपूर दिसतो, इथे तो भराभर विरघळतो. डिसेंबरात घरी तीन आठवडे जायचं म्हटलं की जवळजवळ निम्मा गेला. दिवाळी कामाच्या दिवशी आली तर तिची रजा पदरचीच. उरलेल्यात फिरायचं, पण कधी? जुलैअखेर ते सप्टेंबरच्या मध्यापर्यंत इथल्या शाळांना सुट्टी असते आणि तेव्हाच्या रजेत मुलंबाळं असलेल्यांना आधी मान. हे मला रास्त वाटतं, पण आल्प्समधले उंच घाट बर्फामुळे मेअखेर किंवा जूनपर्यंत बंद आणि ऑक्टोबर उलटला की पुन्हा बंद. त्यात जुलै-ऑगस्ट दुसऱ्यांचे. बिनलग्नाच्या, बिनमुलांच्या बाइकवालीने जून किंवा सप्टेंबर मागून घ्यायचा आणि ढगांकडे बघत बसायचं.

या सगळ्यावर कडी म्हणजे नोकरी बदलणं. आमच्या भागात गाड्यांच्या धंद्याला उतरती कळा लागली आहे. सुटे भाग बनवणाऱ्या झेडएफने २०२४मध्ये जर्मनीतल्या १४,००० पर्यंत नोकऱ्या कमी करायचं जाहीर केलं, बॉशने २०२५मध्ये आणखी सुमारे १३,०००. आमच्या कँटीनमध्ये दुसरा विषयच नसायचा. मी शस्त्रक्रियेची अवजारं बनवणाऱ्या एका कंपनीत अर्ज केला, टुटलिंगेनला. डॅन्यूबकाठचं हे लहानसं गाव जगभरच्या ऑपरेशन थिएटरांना कात्र्या आणि चिमटे पुरवतं. मार्चअखेर राजीनामा दिला, तीन महिन्यांची नोटीस, जूनअखेर सुटका. नवी नोकरी १५ जुलैपासून.

मधले दोन आठवडे बिनपगारी, पण कुणाच्या बापाचे नाहीत. मात्र कागद आधी बघावे लागतात. सरकारी आरोग्य विम्याचं संरक्षण नोकरी संपल्यावरही महिनाभर टिकतं, म्हणून मध्ये खंड ठेवायचा तर महिन्याच्या आतला ठेवावा. ब्लू कार्डवर, म्हणजे परदेशी पदवीधरांना मिळणाऱ्या कामाच्या परवान्यावर असाल तर नोकरी संपल्याचं परदेशी नागरिकांच्या कार्यालयाला दोन आठवड्यांत कळवायचं. जुन्या कंपनीकडून या वर्षी किती रजा घेतल्या याचा दाखला मागून ठेवायचा, कारण त्याच रजा पुन्हा देणं नव्या कंपनीवर बंधनकारक नसतं. हे सगळं एका फाइलीत घालून मी पॅनिअर बांधले.

बोडनजे तळं, ब्रेगेन्झ, बोगद्याचा टोल टाळून आर्लबर्गचा जुना घाटरस्ता, मग रेशन खिंडीतून इटली. तिथल्या तळ्यात चर्चचा एकटा मनोरा पाण्याबाहेर उभा आहे. १९५०मध्ये धरणात ग्राऊन गाव बुडालं, मनोरा तेवढा राहिला. उजनीचं पाणी ओसरल्यावर पळसदेवचं देऊळ वर येतं, ते पाहिलेल्याला इथे फोटो काढण्याआधी बुडालेली घरं आठवतात.

खाली प्राडपासून स्टेल्विओ सुरू होतो. १८२० ते १८२५मध्ये ऑस्ट्रियाच्या राजवटीने बांधलेला रस्ता, माथा २,७५७ मीटरवर; आपलं कळसूबाई १,६४६. या बाजूने ४८ हेअरपिन, आणि प्रत्येकीवर पाटी. आकडे खालून वर उलटे, ४८ पासून १ पर्यंत. सगळ्यांत छळतात ती चढावरची उजवी वळणं. गाडी आतल्या कडेला, रस्ता जवळपास उभा, आणि एका सिलिंडरचं इंजिन दुसऱ्या गिअरमध्ये गुदमरायला लागतं. पहिला टाकायचा, क्लच अर्धा, मागच्या ब्रेकवर पाय नुसता टेकवलेला, आणि मान आधीच वळणाच्या पुढच्या तोंडाकडे. वाकड्या रस्त्याकडे बघत बसलात की गाडी तिथेच बसते. तेवढ्यात वरून कॅम्परव्हॅन येते, तिला अख्खा रस्ता लागतो. माथ्यावर सॉसेजचे स्टॉल, स्टिकरांची दुकानं आणि बाइकांची ही गर्दी! निसर्गाच्या शांततेसाठी इथे कुणी येऊ नये.

टुटलिंगेनला आल्यावर घर बदलल्याची नोंद दोन आठवड्यांत करायची होती. गाडीचा पत्ताही बदलावा लागला. श्टुटगार्टची 'एस'ची प्लेट मात्र ठेवता आली. इथे पहिले सहा महिने प्रोबेशन, त्यात दोन आठवड्यांच्या नोटिशीवर कुणीही कुणाला सोडू शकतं. पूर्ण वर्षाच्या रजेवर हक्क तेव्हा सांगता येत नाही. महिन्याला अडीच या दराने ती साठते. डिसेंबरपर्यंत साडेबारा. नाताळच्या सरकारी सुट्ट्या धरून तीन आठवडे बसतात खरे, पण नव्या साहेबांना ऑगस्टमध्येच विचारून ठेवलं. ते म्हणाले, "घरी जा, पण जानेवारीत पुढच्या वर्षाचा तक्ता भरायचा आहे, तेव्हा लवकर सांग." मी जानेवारीत जून लिहिला. शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला जुळी मुलं, पेंटेकॉस्टच्या शाळा-सुट्टीचे तेच आठवडे त्याला हवे होते, आणि तो आधी बोलला होता. मग मला सप्टेंबरचा शेवटचा आठवडा मिळाला. तेव्हा घाटमाथ्यावर सकाळी रस्ता गोठलेला असू शकतो, म्हणून हँडलला गरम होणाऱ्या ग्रिप बसवून घेतल्यात आणि वर चढायचं ते अकरानंतरच, असं ठरवलंय.