पाय जरा जपून, बॉस!

वाळवंटातली काळी माती दरवेळी नुसती माती नसते. पाऊस पडला की तिची चक्क जेली होते! ती ओळखायची कशी? दोन चुकीच्या पावलांनी शिकवलेला हा धडा...

फोटोचा मोह वाईट. अमेरिकेतल्या युटा राज्यातलं आर्चेस नॅशनल पार्क. लालबुंद खडक, मागे निळंशार आकाश. परफेक्ट फ्रेम मिळावी म्हणून मी पायवाट सोडून दोन पावलं बाजूला गेले. पायाखाली पापड मोडल्यासारखं कुर्रकन वाजलं.

'अगं, थांब! आल्या पावलांवरच पाय ठेवून परत ये,' वहिनी ओरडली. दादा-वहिनी डेन्व्हरला असतात आणि वहिनी बॉटनीवाली. मी मोडलं होतं ते 'सॉइल क्रस्ट'. सूक्ष्मजीव, मॉस आणि दगडफुलं यांनी वाळूचे कण धरून तयार केलेली जिवंत साय.

'दगडफूल? आपल्या गोड्या मसाल्यातलं?'

'त्याचीच लांबची बहीण. ही जमिनीवर राहते, इतकंच.'

मला तर करपलेल्या भाकरीचा चुरा सांडल्यासारखं दिसत होतं. त्या रात्री मोॲबमध्ये पाऊस झाला. सकाळी पुन्हा तिथेच गेलो आणि पायवाटेवरच गुडघे टेकून बघितलं. कालचा चुरा टम्म फुगलेला! हिरवट काळा, मऊ, भिजवलेल्या सब्जासारखा लिबलिबीत.

फंडा साधा आहे. दगडफूल म्हणजे बुरशी आणि शैवाल यांचा एकत्र संसार. बहुतेकांत दोघांचे थर वेगळे असतात. जेलीवाल्यांत मात्र 'नॉस्टॉक' नावाच्या सायनोबॅक्टेरियाच्या माळा सगळीकडे पसरलेल्या असतात. त्यांच्याभोवतीचा चिकट पदार्थ पाणी पितो आणि फुगतो.

चटकन ओळखायचंय?

* कोरडं असताना काळं, पातळ, कुरकुरीत. ओलं झाल्यावर फुगीर आणि जेलीसारखं.
* दहापट भिंगातून छोट्या पाकळ्या दिसतात, मातीला घट्ट चिकटलेल्या.
* तांबूस तपकिरी चकत्या दिसल्या तर समजा लॉटरी! ही बुरशीची फळं.
* नुसतं नॉस्टॉकसुद्धा ओलं झालं की फुगतं. पण त्यावर चकत्या नसतात आणि ते मातीवर सुटं पडलेलं असतं.
* इवलीशी पानं दिसली तर ते मॉस.

आमच्या समोरचं बहुधा 'एन्किलियम टेनॅक्स' होतं. जुन्या पुस्तकांत हेच 'कोलेमा टेनॅक्स' म्हणून सापडेल. २०१४ च्या नव्या वर्गीकरणात त्याचं घराणं बदललं. वहिनी 'बहुधा' म्हणाली, कारण अगदी तसंच दिसणारं एक भावंडही याच भागात असतं. पक्कं सांगायचं तर मायक्रोस्कोपखाली बीजाणूंतल्या पेशी मोजाव्या लागतात.

पण एवढ्याशा काळ्या चुऱ्याचं कौतुक कशाला? कारण नॉस्टॉक हवेतला नायट्रोजन मातीत आणतो. खतच म्हणा ना! शिवाय ही साय आहे म्हणून वारा वाळू उडवत नाही. तिथे 'डोन्ट बस्ट द क्रस्ट' असं उगाच सांगत नाहीत.

निघताना माझी कालची दोन पावलं दिसली. आजूबाजूला सगळं फुगलेलं, टवटवीत. पावलांच्या आत मात्र नुसती लाल वाळू. तिथे ही दगडफुलं परत यायला काही दशकं लागू शकतात, वहिनी म्हणाली. मी आत्ता अठ्ठावीसची आहे.

फोटो झकास आलाय. कुणाला दाखवायची मात्र हिंमत होत नाही.