ब्लॅकबर्न रोव्हर्स

इंग्लंडमधील एक जुना व्यावसायिक फुटबॉल क्लब. लँकाशर परगण्यातील ब्लॅकबर्न या शहरात ५ नोव्हेंबर १८७५ रोजी जॉन ल्यूइस व आर्थर कॉन्स्टंटाइन या श्रूझबरी शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या पुढाकाराने त्याची स्थापना झाली. अर्धा निळा व अर्धा पांढरा सदरा हा त्याचा गणवेश असून ईवुड पार्क हे १८९० पासूनचे क्रीडांगण होय. पुण्यातील वेंकीज या कुक्कुटपालन उद्योगसमूहाने २०१० मध्ये तो विकत घेतल्यामुळे महाराष्ट्रातही त्याचे नाव परिचित झाले.

ब्लॅकबर्न हे सुती कापडाच्या विणाईचे केंद्र होते. तेथील मागांवर विणलेली धोतरे मोठ्या प्रमाणात हिंदुस्थानात येत. गिरणी कामगारांना शनिवारी दुपारी सुटी मिळू लागल्यामुळे पैसे देऊन खेळ पाहणारा प्रेक्षकवर्ग तेथे निर्माण झाला. तोपर्यंत या खेळावर उच्चभ्रू शाळांतील हौशी खेळाडूंचे वर्चस्व होते. १८८३ मध्ये याच शहरातील ब्लॅकबर्न ऑलिंपिक या कामगारवर्गीय संघाने ओल्ड इटोनियन्सचा पराभव करून एफ्‌. ए. चषक मिळविला व ते वर्चस्व संपुष्टात आणले. पुढील तीन वर्षे (१८८४–८६) हा चषक रोव्हर्सने जिंकला. खेळाडूंना वेतन देण्यावरून या काळात मोठा वाद झाला आणि १८८५ मध्ये व्यावसायिक खेळास मान्यता मिळाली. फुटबॉल लीगच्या १२ संस्थापक क्लबांत (१८८८) रोव्हर्सचा समावेश होता. १९१२ व १९१४ मध्ये त्याने लीगचे विजेतेपद मिळविले.

इंग्लंडमधील लीगपद्धतीत हंगामाच्या अखेरीस तळाचे क्लब खालच्या श्रेणीत जातात व तेथील अग्रेसर क्लब वर येतात. श्रेणी घसरली, की उत्पन्न घटते आणि चांगले खेळाडू विकावे लागतात. पहिल्या महायुद्धानंतर हिंदुस्थानातील बाजारपेठ आटून ब्लॅकबर्नच्या गिरण्या बंद पडू लागल्या. १९३६ मध्ये क्लब प्रथमच दुसऱ्या श्रेणीत गेला. १९६१ मध्ये खेळाडूंच्या वेतनावरील कमाल मर्यादा उठल्यानंतर लहान शहरांतील क्लबांना मोठ्या शहरांशी स्पर्धा करणे कठीण झाले. १९६६ मध्ये पहिल्या श्रेणीतून पुन्हा घसरलेल्या रोव्हर्सला तेथे परतण्यास १९९२ साल उजाडले. दरम्यान काही हंगाम त्याने तिसऱ्या श्रेणीतही काढले.

हे पुनरागमन मूळचे ब्लॅकबर्नचेच असलेले पोलाद-व्यावसायिक जॅक वॉकर यांच्या संपत्तीमुळे शक्य झाले. त्यांनी १९९१ मध्ये क्लब ताब्यात घेतला. व्यवस्थापक केनी डॅल्‌ग्लिश व आघाडीचा खेळाडू ॲलन शिअरर यांच्या कामगिरीमुळे १९९४-९५ मध्ये मँचेस्टर युनायटेडला एका गुणाने मागे टाकून रोव्हर्सने प्रीमियर लीग जिंकली. मात्र चारच वर्षांत (१९९९) तो पुन्हा दुसऱ्या श्रेणीत गेला. वॉकर २००० मध्ये मरण पावले. २००१ मध्ये क्लब प्रीमियर लीगमध्ये परतला व २००२ मध्ये त्याने लीग चषक जिंकला.

वॉकर यांच्या पश्चात क्लबची मालकी असलेल्या विश्वस्त संस्थेने नोव्हेंबर २०१० मध्ये तो वेंकीजला सु. २·३ कोटी पौंडांस विकला. पुढच्याच महिन्यात अनुभवी व्यवस्थापक सॅम ॲलर्डाइस यांना दूर करण्यात आले. दूरस्थ मालकांच्या निर्णयांविरुद्ध प्रेक्षकांत असंतोष पसरला. ७ मे २०१२ रोजी विगनविरुद्धच्या सामन्यात मालकांच्या व्यवसायाला उद्देशून मैदानावर कोंबडी सोडण्यात आली. तो सामना हरल्याने क्लब दुसऱ्या श्रेणीत गेला. २०१७ मध्ये तो तिसऱ्या श्रेणीत घसरला. प्रीमियर लीगच्या माजी विजेत्यावर असा प्रसंग येण्याची ही पहिलीच वेळ होय. टोनी मोब्री यांच्या व्यवस्थापनाखाली तो २०१८ मध्ये दुसऱ्या श्रेणीत परतला. वार्षिक तूट मालक भरून काढीत असले, तरी पुढे भारतातून निधी पाठविण्याचा प्रश्न दिल्ली उच्च न्यायालयापुढे गेला.

क्लब कायद्याने भागधारकांचा, परंतु परंपरेने गावाचा, हा विरोध या इतिहासात सतत आढळतो. मुंबईतील महिंद्र युनायटेड (स्था. १९६२) हा संघ २००५-०६ मध्ये राष्ट्रीय विजेता होता. तथापि तो कंपनीचा संघ असल्याने कंपनीच्या निर्णयाने २०१० मध्ये बंद झाला. रोव्हर्सचे मालक बदलले, श्रेणी बदलली व गिरण्याही गेल्या, तथापि शहराशी असलेले नाते अभंग राहिल्याने त्याची परंपरा खंडित झाली नाही.