बांधावरील शमी

आज विजयादशमी. सायंकाळी गावोगावी माणसे शिलंगणास निघतील, सीमेवरील शमीचे पूजन होईल, आपट्याचे सोने हाती येईल. रघुवंशाच्या पाचव्या सर्गात कौत्साची कथा आहे. तेथे सुवर्णवृष्टी रघुराजाच्या कोषागारात होते, आपट्याचा उल्लेखही नाही. या कथेत झाड आणले ते लोकपरंपरेने!

असे वृक्षप्रेमी लोक स्वतःच्या शेतातील झाड मात्र का काढतात, असे आम्ही पुष्कळ वर्षे कीर्तनातून काहीशा रागानेच विचारीत असू. मत्स्यपुराणाने एक वृक्ष दहा पुत्रांच्या बरोबरीचा मानला आहे, हा आमचा आवडता आधार. मंगळवेढ्याकडील एका गावी सप्ताहात असेच बोललो. दुसरे दिवशी सकाळी एक वृद्ध शेतकरी बिऱ्हाडी आला आणि आम्हांस शिवारात घेऊन गेला. पौषाचे दिवस. ज्वारी छातीइतकी, कणसे भरत आलेली. बांधावरील बाभळीच्या छायेत मात्र ती गुडघ्याएवढी व पिवळी.

"महाराज, रात्री तुम्ही म्हणलात, झाड म्हणजे दहा पोरं. ती दहा पोरं माझ्या दोन पोरांचं जेवत्यात."

आम्ही निरुत्तर झालो. याच बाभळीपासून पूर्वी नांगर, वखर, गाडीची चाके होत. लोखंडी अवजारे व ट्रॅक्टर आले. उरली ती सावली आणि कणसांवर उतरणारी पाखरे. त्यात बांध दोघा भावांचा, म्हणजे झाड कोणाचे हा तंटा. सागासारखे झाड स्वतः वाढविले तरी तोडण्यास परवानगी लागते. तो कायदा १९६४ चा. अशा स्थितीत रोप लावण्यास कचरणाऱ्यास आम्ही नास्तिक कसे म्हणावे?

पांडवांनी शस्त्रे ठेविली ती शमी विराटाच्या मत्स्यदेशातील. तो देश आजच्या राजस्थानात, जयपूरच्या परिसरात मानतात. तेथे शमीस खेजडी म्हणतात व शेतकरी ती ऐन शेतात राखतात. तिची मुळे खोल जातात, छाटलेल्या फांद्यांचा पाला गुरे खातात, कोवळ्या शेंगांची भाजी होते आणि झाडाखाली बाजरी चांगली येते. १७३० साली जोधपूरजवळ खेजडली येथे ३६३ बिश्नोईंनी या झाडांसाठी प्राण दिले. त्यामागे श्रद्धा होती, यात संशय नाही. परंतु ते झाड त्यांच्या रोजच्या ताटातही होते.

आमच्याकडे रामचंद्रपंत अमात्यांनी हे मर्म जाणले होते. आरमारास लाकूड हवे असूनही रयतेच्या आंबा-फणसास हात लावू नये, ती झाडे तिने लेकरांप्रमाणे वाढविलेली असतात. जीर्ण झाडही धन्यास राजी करून, मोल देऊनच तोडावे, असे आज्ञापत्रात बजावले आहे. आणि आपण? दसऱ्याच्या तोंडावर बांधावरचे आपटे ओरबाडले जातात, वर कांचनाची पाने आपटा म्हणून विकली जातात. धन्यास कोण विचारतो!

त्या वृद्धाने बाभूळ पुढे काढलीच. विहिरीच्या कडेस, जेथे पीक नाही, तेथे दोन शमी लावल्या. अलीकडे शिलंगणास आम्ही तेथेच जातो आणि पानास हात लावण्यापूर्वी त्याची अनुज्ञा घेतो.

"हिचा पाला नको, महाराज," तो गेल्या वर्षी म्हणाला, "पलीकडचीचा घ्या. ही अजून बारकी हाय."