जुना प्रोग्रॅम पुसल्यावर ऐकतं कोण?

आमच्या सोसायटीच्या गच्चीवर प्लास्टिकच्या डबीत दोन बोटं रुंदीचा एक बोर्ड आहे. त्याचं नाव नोडएमसीयू. टाकीतल्या फ्लोट स्विचवरून पाणी किती आहे ते ओळखायचं आणि रिलेमार्फत मोटरच्या स्टार्टरला इशारा द्यायचा, एवढंच त्याचं काम. तो बसवण्याचं काम माझ्याकडे आलं, कारण निवृत्त झालेल्या विज्ञानाच्या बाईंना वेळच वेळ असतो असा इथे समज आहे.

यंदा पाणी येण्याची वेळ बदलली. मोटर कोणत्या वेळेत चालवायची हे बोर्डात बसवलेल्या प्रोग्रॅममध्येच, म्हणजे फर्मवेअरमध्ये, लिहिलेलं असतं. तेव्हा ते बदलणं आलं. सोसायटीच्या सेक्रेटरींनी शिडी धरल्याधरल्या विचारलं, "मॅडम, जुना प्रोग्रॅम पुसला की बोर्ड रिकामा झाला. मग नवा आत घेणार कोण?"

लाखमोलाचा प्रश्न. पण उत्तराआधी जोडणी.

रिलेच्या स्क्रूंवर २३० व्होल्ट असताना बोर्डाला लॅपटॉप जोडायचा नाही. मेन स्विच बंद करून, बोर्ड सोडवून खाली टेबलावर आणायचा. यात तडजोड नाही.

मग केबल. मोबाइलची जुनी मायक्रो यूएसबी केबल चालते, पण सगळ्याच चालत नाहीत. अशा केबलमध्ये चार तारा हव्यात: लाल आणि काळी विजेसाठी, हिरवी आणि पांढरी माहितीसाठी. नुसत्या चार्जिंगच्या स्वस्त केबलमध्ये माहितीच्या दोन्ही तारा नसतातच. बोर्डावरचा दिवा लागतो, माणूस खूश होतो, आणि संगणकाला मात्र काही आल्याचा पत्ताच नसतो. मग लोक इंटरनेटवर ड्रायव्हर शोधत बसतात. या कामातली बरीचशी चिडचिड केबलपायी होते, असं माझं ठाम मत आहे. पुण्यात तपकीर गल्लीत घ्यायला गेलात तर नुसती केबल मागू नका, "डेटा केबल द्या" म्हणा. माझ्या खात्रीच्या केबलला मी लाल दोरा बांधून ठेवलाय आणि ती घरात कुणाला चार्जिंगला देत नाही.

बोर्डावरच्या मुख्य चिपला यूएसबी कळत नाही. तिला फक्त दोन तारांवरचं सीरियल बोलणं समजतं, एक तार बोलायला आणि एक ऐकायला. म्हणून बोर्डावर सीएच३४० किंवा सीपी२१०२ नावाची छोटी चिप दुभाष्याचं काम करते. तिचा ड्रायव्हर असला की विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'पोर्ट्स' खाली कॉम ५ वगैरे नाव उगवतं. आपलं नाव कोणतं ते कळत नसेल तर केबल काढायची. जे गायब होईल ते आपलं. लिनक्सवर पोर्ट दिसूनही परवानगी नाकारली गेली, तर बहुधा आपलं नाव 'डायलआउट' गटात घालायचं राहिलेलं असतं.

आता सेक्रेटरींचा प्रश्न. मुख्य चिप आहे ईएसपी८२६६. ती शांघायच्या एस्प्रेसिफ कंपनीची, २०१४ पासून हौशी लोकांच्या हाती आलेली. आपलं फर्मवेअर या चिपमध्ये राहतच नाही. ते शेजारच्या वेगळ्या फ्लॅश चिपमध्ये असतं, जिची जागा आमच्या बोर्डावर ४ एमबी आहे. मुख्य चिपच्या पोटात मात्र कारखान्यातच कायमचा कोरलेला एक छोटा प्रोग्रॅम असतो, त्याला बूट रॉम म्हणतात. आपण फ्लॅश कितीही पुसली तरी त्याला धक्का लागत नाही. नवा प्रोग्रॅम आत घ्यायला पहिल्यांदा तोच उभा राहतो.

वीज आली की हा बूट रॉम आधी काही पिना तपासतो. त्यातली जीपीआयओ शून्य नावाची पिन जमिनीला, म्हणजे ग्राउंडला, टेकलेली असेल तर तो फ्लॅशकडे वळत नाही. सीरियल तारेवर कान लावून बसतो. बोर्डावरचं 'फ्लॅश' बटण ती पिन टेकवण्यासाठीच असतं. ते दाबून धरायचं, 'रीसेट' दाबून सोडायचं, मग पहिलं सोडायचं. नोडएमसीयूवर दोन ट्रान्झिस्टर हेच काम संगणकाच्या इशाऱ्यावर करतात, त्यामुळे एरवी बोटं लावावी लागत नाहीत. याच चिपच्या ईएसपी-०१ या साध्या बोर्डावर ही सोय नाही, तिथे तार टेकवावी लागते. आणि त्याच्या सीरियल तारांवर ३.३ व्होल्टच हवेत, ५ नकोत.

सुरू होताना बूट रॉम एक ओळही बोलतो, पण पडद्यावर ती बहुतेकांना कचऱ्यासारखी दिसते. कारण गमतीचं आहे. रॉम लिहिणाऱ्यांनी ४० मेगाहर्ट्झचा क्रिस्टल गृहीत धरून सेकंदाला १,१५,२०० बिट हा वेग ठरवला. या बोर्डांवर बसला २६ मेगाहर्ट्झचा. त्याच प्रमाणात वेग उतरून झाला ७४,८८०. तुमच्या पडद्याचा वेग तेवढा ठेवा, म्हणजे ओळ स्वच्छ वाचता येते आणि तिच्यात रॉमची तारीखही दिसते, ८ जानेवारी २०१३.

पुढचं काम 'ईएसपीटूल' हा मोफत प्रोग्रॅम करतो. आधी तो ०१०१०१०१ असा एकाआड एक बिटांचा मारा करतो. त्यावरून रॉम समोरच्याचा वेग ओळखतो. मग ईएसपीटूल चिपच्या तात्पुरत्या स्मृतीत एक चपळ मदतनीस प्रोग्रॅम पाठवतो, आणि खरं लिखाण हा मदतनीस करतो. फ्लॅशमध्ये १ चा ० करता येतो, ० चा १ करायला मात्र ४,०९६ बाइटचा अख्खा तुकडा पुसावा लागतो. म्हणून आधी पुसणं, मग लिहिणं. शेवटी लिहिलेलं पाठवलेल्याशी जुळतं का ते तपासलं जातं. सगळं मिळून मिनिटभरही लागत नाही.

मधेच केबल निघाली तर? अर्धवट प्रोग्रॅम चालणार नाही, मोटर सुरू होणार नाही, पण बूट रॉम शाबूत आहे. परत जोडायचं, परत लिहायचं. सगळीच यंत्रं इतकी क्षमाशील नसतात. अनेक राउटरांमध्ये प्रोग्रॅम आत घेणारा तुकडाही त्याच फ्लॅशमध्ये असतो, आणि चुकून तोच पुसला तर बोर्ड उघडून चिपला हात घालावा लागतो. "अपडेट चालू असताना वीज बंद करू नका" ही सूचना अशा यंत्रांच्या बाबतीत खरोखर पाळावी.

सेक्रेटरींना आता वाय-फायवरून अपडेट हवं होतं, शिडीच नको. तसं होतं. नवा प्रोग्रॅम फ्लॅशच्या मोकळ्या जागेत उतरतो, तपासला जातो आणि पुन्हा सुरू होताना जुन्याच्या जागी बसतो. पण नव्यातच गडबड असली आणि तो वाय-फायला जोडलाच गेला नाही, तर शिडी लावावीच लागते. मी केबलच्या बाजूची.

नवं लिहिण्याआधी जुन्याची पूर्ण प्रत मी काढून घेते. १,१५,२०० च्या वेगाने सेकंदाला सुमारे ११,५०० बाइट येतात, म्हणजे ४ एमबीला सहा मिनिटं, चहा होतो. ही प्रत सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाका, असं सेक्रेटरी म्हणाले. मी नाही म्हटलं. या चिपमध्ये फ्लॅश कुलूपबंद करण्याची सोय नाही, त्यामुळे त्या फाइलमध्ये सोसायटीच्या वाय-फायचा पासवर्ड कुणालाही वाचता येईल असा पडलेला असतो. ती पेन ड्राइव्हवर घालून ऑफिसच्या कपाटात ठेवली, वायरिंगच्या कागदासोबत.