कॉम्प्युटरवर पीक घेण्याआधी शेतात खड्डा! ‘पीक मॉडेल’ शिकणारे विद्यार्थी बांधावर का येतात?

ऑगस्टचा महिना, सोयाबीन फुलात आणि पावसानं पंधरा दिवस दडी मारलेली. अशा वेळी एकाच गावात माळावरचं सोयाबीन माना टाकतं आणि ओढ्याकाठचं तग धरून राहतं. असं का होतं, ते शेतकऱ्याला कुणी शिकवावं लागत नाही. पण हीच गोष्ट कॉम्प्युटरला आकड्यांत समजावून सांगायची म्हटलं, तर कृषी विद्यापीठातल्या विद्यार्थ्याची दोन-दोन वर्षं जातात. या कामाला ‘पीक मॉडेल’ म्हणतात.

मॉडेल म्हणजे एक प्रकारची रोजची हिशेबवही. आज ऊन किती, पाऊस किती, जमिनीत ओल किती आणि त्यावर पीक किती वाढलं, याचा हिशेब पेरणीपासून काढणीपर्यंत दिवसागणिक मांडला जातो. यासाठी जगभर ‘डीसॅट’ नावाचं सॉफ्टवेअर जास्त वापरतात. ते पहिल्यांदा 1989 साली आलं, आज त्यात चाळीसहून अधिक पिकं आहेत आणि ते फुकट मिळतं. ऑस्ट्रेलियात तयार झालेलं ‘एप्सिम’ही चालतं. हैदराबादजवळ पाटणचेरूला असलेल्या इक्रिसॅट या संस्थेत ज्वारी, तूर, हरभरा अशा कोरडवाहू पिकांवर या मॉडेलचं काम बरीच वर्षं चालू आहे.

सॉफ्टवेअर फुकट आहे, बटणं आठवड्यात शिकून होतात. खरी अडचण त्यात घालायच्या आकड्यांची.

माळ आणि ओढ्याचंच घ्या. भर वाढीतलं सोयाबीन ढोबळमानानं दिवसाला 5 मिलिमीटर पाणी ओढतं. पंधरा दिवसांचे झाले 75 मिलिमीटर. फूटभर खोलीच्या मुरमाड जमिनीत पिकाला घेता येईल असं पाणी असतं 40-45 मिलिमीटर, म्हणजे आठ-नऊ दिवसांत खेळ खलास. तीन फूट खोल काळ्या रानात हेच पाणी 150 च्या पुढे जातं. म्हणून विद्यार्थ्याला आधी खड्डा खणावा लागतो. थराथराची माती घ्यायची, ती किती पाणी धरते ते मोजायचं. नकाशावर बघून खोली टाकून दिली, की पुढचं सगळं गणित बिघडतं.

कसं बिघडतं ते बघण्यासारखं आहे. समजा, रान एक फुटाचं आहे आणि विद्यार्थ्यानं तीन फूट धरलं. मॉडेल म्हणतं एकरी 9 क्विंटल, काट्यावर भरतात 6. आता मॉडेलमध्ये प्रत्येक वाणाचे स्वभावाचे आकडे असतात. फूल किती दिवसांनी, शेंग किती दिवस भरते, दिवस लहान होत गेला की वाण कसं वागतं, असे डझनाहून जास्त. नवशिका विद्यार्थी जमीन तपासत नाही, हे आकडे थोडे खाली ओढतो आणि उत्तर बरोबर 6 येतं! प्रबंधातला आलेख छान दिसतो. पण पुढच्या साली मोठी उघडीप पडली, की मॉडेल 6 च म्हणत राहतं आणि रानात 3 निघतात. त्या मॉडेलवर विसंबून कुणी वाण किंवा पेरणीची तारीख सुचवली असेल, तर फटका शेतकऱ्याला बसतो, प्रबंधाला नाही.

त्यामुळे चांगल्या प्रशिक्षणात एक नियम कडक पाळतात. ज्या वर्षाच्या आकड्यांवर मॉडेल जुळवलं, त्याच आकड्यांवर ते तपासायचं नाही. दुसऱ्या वर्षाची किंवा दुसऱ्या शेताची माहिती बाजूला झाकून ठेवायची आणि मॉडेलचा अंदाज तिच्याशी ताडून बघायचा. परीक्षेचा पेपर आधी फोडायचा नाही, एवढंच.

काही गोष्टी मात्र चांगल्या मॉडेललाही दिसत नाहीत. 2023 च्या खरिपात सोयाबीनवर पिवळा मोझॅक आला, तसा रोग किंवा कीड मॉडेल आपणहून धरत नाही. ते नुकसान शेतात मोजून वेगळं घालावं लागतं. पावसाचंही तेच. महसूल मंडळाच्या केंद्रावर 30 मिलिमीटर नोंदला जातो आणि चार किलोमीटरवरच्या शिवारात धूळ उडत असते.

मग विद्यार्थी बांधावर येतात ते याच माहितीसाठी. पेरणी कोणत्या तारखेला, एकरी बियाणं किती, खत कधी टाकलं, पाणी किती वेळा दिलं. इथं एक गंमत होते. पाहुण्यापुढे वाईट दिसू नये म्हणून उतारा थोडा वाढवून सांगितला जातो, खत शिफारशीइतकंच टाकलं असं सांगतात आणि विसरलेली तारीख ‘मृगात’ म्हणून मोकळे होतात. मृग चौदा दिवसांचं असतं. तेवढ्या फरकानं फुलोरा उघडिपीत सापडतो की तिच्यातून सुटतो, हेच बदलून जातं. मोबाईलवर पेरणीच्या दिवशी शेताचा एक फोटो काढून ठेवला, तरी तारीख पक्की राहते.

उलट प्रश्नही विचारता येतो. ‘माझ्या रानाची खोली तुम्ही किती धरली?’ खड्डा खणलेला विद्यार्थी याचं उत्तर लगेच देईल.