पंख्यातलं चुंबक वीज तयार करत नाही

अंधेरी-घाटकोपरच्या कुठल्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात 'बीएलडीसी' (ब्रशलेस डीसी मोटरचा) पंखा मागा. 'आत चुंबक आहे ना, म्हणून वीज कमी खातो,' हे ऐकायला मिळेलच. हे अर्धंच खरं. चुंबक ऊर्जा देत नाही, फक्त उधळपट्टी थांबवतं. जुन्या इंडक्शन पंख्यात रोटरमध्येही प्रवाह खेळवावा लागतो आणि त्यातली वीज उष्णता होऊन वाया जाते. रोटरवर कायमस्वरूपी चुंबक बसवलं की तो खर्च वाचतो. म्हणून जुन्याच्या ७५ वॉटचं काम नवा पंखा ३०च्या आसपास उरकतो. पवईच्या आयआयटीतल्या माजी विद्यार्थ्यांनी २०१२मध्ये काढलेल्या ॲटमबर्गमुळे हे पंखे घरोघरी पोचले.

दुसरा गैरसमज वायरमनच्या क्लॅम्प मीटरचा. वायरला चिमटा लावला, ०.२२ अँपिअर दिसले, २३०ने गुणले, पन्नास वॉट आले. 'कंपनीने फसवलं!' पण हा गुणाकार वॉटचा नाही, व्होल्ट-अँपिअरचा. आतल्या सर्किटमुळे प्रवाह तुटक-तुटक ओढला जातो, आणि साध्या क्लॅम्प मीटरला तो धड वाचताही येत नाही. पॉवर फॅक्टर, म्हणजे खरे वॉट भागिले व्होल्ट-अँपिअर, ०.६ असेल, तर खरे वॉट तीसच. घरगुती बिलात, मुलुंडला महावितरणच्या असो वा बोरिवलीला अदानीच्या, युनिट म्हणजे किलोवॉट-तासच मोजतात. पडताळायचं तर घरातलं सगळं बंद करून (फ्रिज विसरू नका) एकटा पंखा लावा आणि मीटरवरचा लुकलुकता दिवा मोजा. मीटरवर युनिटमागे ३२०० इम्पल्स छापलेले असतील, तर दहा मिनिटांत ३० वॉटला तो १६ वेळा लुकलुकेल, ७५ वॉटला ४० वेळा.

हे झालं खाणं. काम किती झालं? बिनभाराची मोटर वीज कमीच घेते, पण तिची कार्यक्षमता शून्य असते! पंख्याचं काम म्हणजे वारा. म्हणून आयएस ३७४ मानकात मिनिटाला किती घनमीटर वारा, भागिले वॉट, असा हिशेब धरतात. १२०० मिलिमीटरच्या पंख्याने ३५ वॉटमध्ये २१० घनमीटर वारा दिला, तर उत्तर ६, म्हणजे २०२३च्या निकषांनुसार पाच स्टार. पंख्यावरचं हे स्टार-लेबल १ जानेवारी २०२३पासून सक्तीचं आहे. तेव्हा नुसते 'फक्त २८ वॉट' वाचून भुलू नका.

राहिला तिसरा गैरसमज, 'चुंबक मरतं' हा. तापल्यावर फेराइट चुंबकाचा जोर अंशामागे ०.२ टक्क्यांच्या आसपास उतरतो, पण निवल्यावर सहसा परत येतो. खात्रीसाठी मोटर बाहेरून ठरावीक वेगाने फिरवून तारांच्या सुट्या टोकांवर व्होल्टेज मोजतात. ते पहिल्याइतकं असलं, तर चुंबक ठणठणीत आहे. मग संशय सर्किट बोर्डावर घ्यावा.