सेट मोडायचा नाही : नितीन चंद्रकांत देसाई आणि चौकचा स्टुडिओ

माथेरानच्या डोंगराच्या पूर्व पायथ्याशी नेरळ आहे, तर दक्षिण अंगाला चौक. चौकहून कर्जतकडे जाणाऱ्या रस्त्यावर, खालापूर तालुक्यातल्या हातनोली गावाजवळ कलादिग्दर्शक नितीन चंद्रकांत देसाई यांनी २००५ मध्ये एन. डी. स्टुडिओ सुरू केला. नेरळ-कर्जत पट्टा मुंबईकरांना तोवर माहीत होता तो माथेरानची छोटी गाडी, पावसाळी सहली आणि शेतघरांसाठी. या स्टुडिओमुळे त्याला नवी ओळख मिळाली. मराठी घराघरांत शिवकाल पोहोचवणारी मालिका इथेच चित्रित झाली आणि पडद्यामागे राहणाऱ्या एका सजावटकाराचे नाव प्रेक्षकांच्या तोंडी बसले.

देसाई यांचा जन्म ऑगस्ट १९६५ मध्ये दापोलीत झाला. बालपण मुलुंडला गेले, शाळा वामनराव मुरांजन, माध्यम मराठी. पुढे सर ज. जी. कला महाविद्यालय आणि रहेजा कला महाविद्यालयात त्यांनी छायाचित्रणाचे शिक्षण घेतले. १९८७ मध्ये ते गोरेगावच्या चित्रनगरीत गेले आणि तिथे कलादिग्दर्शक नितीश रॉय यांच्या हाताखाली कामाला लागले. गोविंद निहलानींच्या ‘तमस’चे काम तेव्हा चालू होते. भीष्म साहनींच्या कादंबरीवरची ही मालिका १९८८ मध्ये दूरदर्शनवर आली. देसाई तिथे सहायकांमध्येही खालच्या क्रमांकावर होते. छायाचित्रकार समोर असलेली जागा चौकटीत पकडतो, कलादिग्दर्शकाला आधी ती जागाच घडवावी लागते. तरुण देसाईंना दुसरे काम अधिक ओढून घेणारे वाटले आणि कॅमेरा बाजूला राहिला.

त्यानंतरची काही वर्षे ‘कबीर’ आणि ‘चाणक्य’ या ऐतिहासिक मालिकांत गेली. ‘चाणक्य’ १९९१ मध्ये दूरदर्शनवर सुरू झाली. चंद्रप्रकाश द्विवेदी यांच्या या मालिकेच्या सुरुवातीच्या भागांना देसाई सहायक होते, पुढच्या भागांची जबाबदारी त्यांनी स्वतंत्रपणे उचलली. त्यांच्या कारकिर्दीबद्दल लिहिताना बहुतेक जण या काळावरून भरभर पुढे जातात आणि थेट हिंदी चित्रपटांवर येतात. खरे तर त्यांच्या कामाचा पिंड इथेच घडला. चित्रपटाचा सेट काही आठवडे वापरतात आणि मोडतात. मालिकेचा सेट वर्ष-दोन वर्षे उभा राहतो. तोच दरबार आज मगधाचा, उद्या तक्षशिलेचा करायचा असतो. खांब हलवायचे, पडदे बदलायचे, कमानींना वेगळा रंग द्यायचा, आणि हे सगळे एका रात्रीत, कारण सकाळी युनिट दारात हजर असते. मर्यादित पैशांत जुना काळ उभा करण्याची आणि उभा केलेला सेट टिकवून पुन्हा वापरण्याची सवय त्यांना मालिकांनी लावली.

स्वतंत्र कलादिग्दर्शक म्हणून चित्रपटांत त्यांचे नाव गाजले ते विधू विनोद चोप्रांच्या ‘१९४२ : अ लव्ह स्टोरी’मुळे. १९९४ च्या या चित्रपटात स्वातंत्र्यपूर्व काळातले डोंगरी गाव त्यांनी उभे केले होते. पुढच्या दहा वर्षांत संजय लीला भन्साळी आणि आशुतोष गोवारीकर यांच्या मोठ्या चित्रपटांशी त्यांचे नाव जोडले गेले. ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर’, ‘हम दिल दे चुके सनम’, ‘लगान’ आणि ‘देवदास’ या चार चित्रपटांसाठी त्यांना सर्वोत्कृष्ट कलादिग्दर्शनाचे राष्ट्रीय पुरस्कार मिळाले.

या चारांपैकी दोन सेट शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत. ‘लगान’साठी कच्छमध्ये भुजजवळच्या कुनरिया गावाच्या परिसरात चंपानेर वसवले गेले. मातीच्या भिंती, गवताने शाकारलेली छपरे, टेकडीवरचे देऊळ. नटूनथटून उभा असलेला सेट तिथे चाललाच नसता. दुष्काळाने होरपळलेले गाव दिसायला हवे होते, म्हणून भिंतीचा रंग जमिनीच्या रंगात मिसळलेला आहे आणि नजर माणसांवरच राहते. ‘देवदास’मध्ये नेमके उलटे केले आहे. पारोच्या घराला रंगीत काचा लावल्या त्या सुमारे सव्वा लाख तुकड्यांच्या, आणि चंद्रमुखीचा कोठा पाण्याभोवती रचला. इथे वास्तूच पात्रांच्या बरोबरीने बोलते. एकाच माणसाने वर्ष-दोन वर्षांच्या अंतराने ही दोन्ही कामे केली, हे देसाईंच्या कसबाचे सर्वांत मोठे प्रमाण मानावे लागेल. पहिल्या सेटवर हात आखडता घ्यावा लागला होता आणि सजवण्याचा मोह टाळणे भव्य महाल बांधण्याहून अवघड असते.

एवढे करूनही प्रत्येक चित्रपटाच्या शेवटी सेट मोडला जाई. लाकूड, प्लाय, प्लास्टर भंगारात जाई आणि पुढच्या निर्मात्यासाठी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. मुंबईजवळ ऐतिहासिक चित्रीकरणासाठी कायमस्वरूपी जागा नाही, ही गोष्ट देसाईंना खुपत होती. हॉलिवूडचे दिग्दर्शक ऑलिव्हर स्टोन ‘अलेक्झांडर’च्या निमित्ताने भारतात जागा पाहायला आले, तेव्हा इथल्या स्टुडिओंनी त्यांचे समाधान झाले नाही आणि त्यातून आपल्या डोक्यात स्टुडिओची कल्पना आली, असे देसाई सांगत. हैदराबादजवळची रामोजी फिल्म सिटी १९९६ पासून चालू होती. गोरेगावच्या सरकारी चित्रनगरीत मोठे सेट उभारता येत, पण तिथली जागा भाड्याची असल्याने काम झाले की ती मोकळी करावी लागे.

हातनोलीची निवड विचार करून केलेली दिसते. २००२ पर्यंत मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्ण झाला होता, त्यामुळे पनवेलकडून चौकला पोहोचणे सोपे झाले. एका बाजूला माथेरान-प्रबळगडची रांग, जवळच इर्शाळगडाचा सुळका. कॅमेरा कुठेही फिरवला तरी मागे सह्याद्री येतो आणि वीजतारा किंवा इमारती मध्ये येत नाहीत. मावळ्यांच्या गोष्टीला याहून योग्य पार्श्वभूमी कुठली? सुमारे ५२ एकरांवर हा स्टुडिओ उभा राहिला. ‘जोधा अकबर’साठी आग्र्याच्या किल्ल्याची प्रतिकृती इथे बांधली गेली. तो चित्रपट २००८ मध्ये आला. पुढे ‘प्रेम रतन धन पायो’च्या महालाचे कामही इथेच झाले.

असा किल्ला तयार कसा होतो? आधी लोखंडी किंवा बांबूचा सांगाडा उभा करतात, त्यावर प्लायच्या मोठ्या चौकटी ठोकतात. खऱ्या दगडावरून साचा काढून प्लास्टर ऑफ पॅरिस किंवा फायबरमध्ये दगडांचे तुकडे ओततात आणि चौकटीवर एकेक करून बसवतात. मग रंगारी येतात. नवा कोरा दगड पडद्यावर खोटा दिसतो, म्हणून सांध्यांत काळपट रंग सोडायचा, पाणी ओघळल्यासारखे डाग काढायचे, माणसांचा हात लागतो तेवढ्या उंचीवर भिंत गुळगुळीत, मळकट करायची. पुढून बुरूज दिसतो, मागे गेले की नुसत्या टेकूंची रांग. मोडायच्या सेटला एवढे पुरते. टिकवायचा असेल तर प्लास्टर चालत नाही, कारण कर्जत-खालापूर भागात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो. मग फायबर, लोखंड, सिमेंट वाढते. दर पावसाळ्यानंतर डागडुजी आणि रंगकाम येते. कायमस्वरूपी सेटचा खर्च बांधकामाबरोबर संपत नाही, तो दर वर्षी करावा लागतो.

या सेटना सतत काम मिळवून देणारे माध्यम दूरचित्रवाणी होते आणि देसाई त्याच वाटेने निर्माते झाले. नोव्हेंबर २००८ मध्ये स्टार प्रवाह वाहिनी सुरू झाली आणि तिच्यावर त्यांची ‘राजा शिवछत्रपती’ झळकली. डॉ. अमोल कोल्हे यांनी शिवराय साकारले, मृणाल कुलकर्णी जिजाऊ झाल्या. मराठी मालिका तोवर बहुतांशी दिवाणखान्यात आणि स्वयंपाकघरात घडत. इथे तटबंदी होती, दरबार होता, घोडदळ होते. मराठी मालिका एवढ्या आवाक्याची होऊ शकते, हे या मालिकेने दाखवून दिले आणि नंतर आलेल्या ऐतिहासिक मराठी मालिकांची वाट सोपी केली. कोल्हे यांची लोकप्रियताही याच भूमिकेने वाढली. पुढे ते लोकसभेत निवडून गेले.

देसाईंचे नाव आता पडद्यामागे राहिले नाही. २०११ मध्ये त्यांनी निर्मिलेला, रवी जाधव दिग्दर्शित ‘बालगंधर्व’ आला. सुबोध भावेंच्या भूमिकेइतकीच त्यातल्या नाटकगृहांची आणि रंगमंचांची चर्चा झाली. आनंद भाटे यांच्या गायनाला आणि विक्रम गायकवाड यांच्या रंगभूषेला राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. २०१२ मध्ये ना. धों. महानोरांच्या काव्यावर आधारलेला ‘अजिंठा’ त्यांनी स्वतः दिग्दर्शित केला. दिग्दर्शक म्हणून मात्र त्यांना कलादिग्दर्शकाइतके यश लाभले नाही.

चित्रपट न पाहणाऱ्यांनाही त्यांचे काम माहीत होते ते गणेशोत्सवामुळे. लालबागच्या राजाची सजावट त्यांनी अनेक वर्षे केली. तासन्‌तास रांगेत उभ्या राहिलेल्या भाविकाला शेवटी काही क्षणच दर्शन मिळते आणि तेवढ्यात त्याच्या डोळ्यांत भरेल असे दृश्य उभे करायचे असते. २०१८ मध्ये प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात महाराष्ट्राच्या शिवराज्याभिषेक चित्ररथाला पहिला क्रमांक मिळाला. त्याची रचनाही देसाईंची होती.

स्टुडिओचा आर्थिक डोलारा मात्र सावरता आला नाही. मुंबईबाहेर चित्रीकरण म्हणजे अख्ख्या युनिटचा मुक्काम, गाड्या, जेवणखाण आले, म्हणून घरगुती मालिकांना गोरेगाव, मढ किंवा ठाणे परवडते. ऐतिहासिक निर्मिती रोज येत नाही. स्टुडिओच्या कंपनीने २०१६ आणि २०१८ मध्ये मिळून १८५ कोटी रुपयांचे कर्ज घेतले होते. २०२० मध्ये टाळेबंदी आली, चित्रीकरणे थांबली. मे २०२१ मध्ये स्टुडिओत आग लागून ‘जोधा अकबर’च्या सेटचे मोठे नुकसान झाले. थकबाकी २५२ कोटींवर गेली आणि जुलै २०२३ मध्ये राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाने दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू करण्यास मंजुरी दिली. २ ऑगस्ट २०२३ रोजी, अठ्ठावन्नावा वाढदिवस काही दिवसांवर असताना, देसाई यांनी स्टुडिओच्या आवारातच आपले जीवन संपवले.

त्या वर्षीच्या लालबागच्या सजावटीचे काम त्यांनी हाती घेतले होते. शिवराज्याभिषेकाच्या साडेतीनशेव्या वर्षानिमित्त रायगडावरचा दरबार उभा करायचा होता. सहकाऱ्यांनी तो पूर्ण केला आणि सप्टेंबरमध्ये लाखो लोकांनी पाहिला. नंतर हातनोलीच्या स्टुडिओचा ताबा गोरेगावची चित्रनगरी चालवणाऱ्या राज्य सरकारच्या महाराष्ट्र चित्रपट, रंगभूमी आणि सांस्कृतिक विकास महामंडळाने घेतला. त्यामुळे हे सेट आता सरकारी मालमत्तेसारखे सांभाळले जाणार आहेत, आणि दर पावसाळ्यानंतरच्या डागडुजीची जबाबदारी महामंडळाकडे आली आहे.